हिरव्या पुस्तकातलं प्रश्नचिन्ह

"काका, गोळी चुकवली का?"

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राच्या, समुपदेशकाच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली. या प्रश्नाइतका दुसरा कुठलाच प्रश्न मी विचारला नसेल. रिपोर्ट हातात यायचा, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (विषाणू सापडला नाही) या ओळीऐवजी एखादा आकडा दिसायचा आणि प्रश्न तोंडातून आपोआप निघायचा. दुकानदार नोट हातात आली की उजेडात धरतो, तसा.

ज्या काकांमुळे मी आज हे लिहिते आहे, ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.) आयुष्यभर तिकिटांचा हिशेब जुळवलेला माणूस. गोळ्यांसाठी त्यांनी दोनशे पानी वही केली होती. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वार, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाची टिक. रोज रात्री नऊला, सह्याद्रीवरच्या बातम्या कधी संपतात त्यावर पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. त्या वहीत मला एकही रिकामा रकाना सापडला नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती (कॉपीज) आहेत तो आकडा, मात्र १८० आला होता. त्याच्या आधीच्या वेळी १४०, नंतरच्या वेळी २१०.

मी प्रश्न विचारला. त्यांनी काही न बोलता वही पुढे सरकवली. मी पानं उलटली, मान डोलावली, आणि रुग्णाकडे असतं त्या हिरव्या पुस्तकात गोळ्यांच्या नियमितपणाचा आकडा लिहिला: १००%. त्यापुढे पेन्सिलीने नव्हे, पेनाने, एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. आपल्यापुरती खूण म्हणून.

पुढच्या खेपेला काकू सोबत आल्या. त्या निगेटिव्ह. बाहेर बाकावर बसून त्यांनी मला जे विचारलं ते गोळीबद्दल नव्हतं. "मॅडम, औषध तर रोज माझ्यासमोर घेतात. मग हे वाढतंय कसं? बाहेर काही...?" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. नंतर कळलं की काकांनी दीड महिना नातवाला मांडीवर घेतलं नव्हतं, पाण्याचा तांब्याही वेगळा केला होता. एचआयव्ही मांडीवर घेतल्याने किंवा तांब्याने पसरत नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं. पण ज्या माणसाच्या शब्दावर दवाखान्याचा विश्वास नाही, त्याचा स्वतःच्या ज्ञानावरचा विश्वासही डळमळतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: औषध नीट चालू असताना, एकही गोळी न चुकवता, काही माणसांच्या रक्तात एचआयव्ही मोजता येईल इतका राहू शकतो. ही गोष्ट आता विज्ञानाने पुराव्यानिशी दाखवली आहे. तरीही आपली उपचारव्यवस्था तो आकडा रुग्णाच्या वागणुकीचा दाखला म्हणून वाचते. हे वाचन बदललं पाहिजे, आणि ते बदलण्याची जबाबदारी रुग्णावर नाही.

आता हे होतं कसं, ते नीट सांगायला हवं. 'असं होऊ शकतं' एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, माझंही झालं नव्हतं.

एचआयव्ही पेशीत शिरतो तेव्हा त्याच्याकडे आरएनए असतो. तो आधी त्याची डीएनए प्रत करतो आणि मग ती प्रत आपल्या पेशीच्या गुणसूत्रात, म्हणजे आपल्याच डीएनएच्या मधोमध, शिवून टाकतो. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव चढवतो. एकदा नोंद झाली की झाली. आपली औषधं कुठे काम करतात? तलाठी कार्यालयाच्या दारात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडीन आरएनएची डीएनए प्रत होऊ देत नाहीत, डोल्यूटेग्राविर ती प्रत गुणसूत्रात घुसू देत नाही. नवीन नोंद होणं बंद. पण जी नोंद औषध सुरू होण्याआधी झाली, ती खोडणारं औषध आज सरकारी सेंटरवर नाही आणि लाखो रुपये मोजून खासगी दवाखान्यातही नाही. त्या जुन्या नोंदीवरून एखाद्या पेशीने नवे विषाणूकण तयार करायचं ठरवलं, तर तेही सध्याची कुठली गोळी थांबवत नाही. कण बाहेर पडतात, औषधामुळे पुढच्या पेशीत घर करू शकत नाहीत, रक्तात काही काळ फिरतात आणि नष्ट होतात. व्हायरल लोडची चाचणी या कणांतला आरएनए मोजते. कण नुकत्याच लागण झालेल्या पेशीतून आला की वीस वर्षांपूर्वीच्या नोंदीतून, हे तिला कळत नाही. तो कण दुसऱ्या पेशीला लागण करण्याच्या लायकीचा आहे की मोडका, हेही कळत नाही.

बहुतेक नोंदी असलेल्या पेशी गप्प असतात. हा साठा शास्त्रज्ञांना उशिरा कळला, आणि कळला तेव्हा मोठा आनंद ओसरला. १९९६ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निकाल जाहीर झाले. मरणाच्या दारातून लोक उठून कामावर जाऊ लागले. तेव्हा गणित मांडलं गेलं की दोन-तीन वर्षं सलग औषध दिलं तर विषाणू शरीरातून साफ होईल. १९९७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की औषधावर असलेल्या, रक्तात विषाणू न सापडणाऱ्या माणसांच्या विश्रांती घेणाऱ्या सीडी४ पेशींत (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशी) जिवंत विषाणू दडलेला आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने पुढे हा साठा किती वेगाने कमी होतो ते मोजलं: निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने. दहा लाख पेशींपासून सुरुवात केली तर एका पेशीवर यायला वीस वेळा निम्मं व्हावं लागतं. गुणाकार करून पाहा, ७० वर्षांच्या वर जातो. एचआयव्हीची गोळी जन्मभर का, याचं खरं उत्तर हे आहे. आम्ही मात्र रुग्णाला 'डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून' असं सांगत आलो.

या पेशी इतकी वर्षं टिकतात त्यामागे शरीराचा दोष नाही, गुण आहे. त्या स्मृतिपेशी आहेत. लहानपणी टोचलेली लस, कधीकाळी होऊन गेलेलं आजारपण लक्षात ठेवणं हे त्यांचं काम. ते करायचं तर दशकानुदशकं जगावं लागतं, आणि ओळखीचा जंतू पुन्हा दिसला की झपाट्याने संख्या वाढवावी लागते. खरी गोम त्या वाढण्यातच आहे.

पेशी दुभंगते तेव्हा तिच्या डीएनएची प्रत निघते, आणि त्या प्रतीत विषाणूची नोंदही जशीच्या तशी उतरते. वारस नोंद म्हणा. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत लाखो पेशी एकाच पूर्वज पेशीच्या. प्रत्येकीत विषाणू एकाच जागी, एकाच अक्षरावर शिवलेला. २०१४ मध्ये दोन गटांनी विषाणू गुणसूत्रात नेमका कुठे बसला आहे त्या जागा शोधल्या. औषधावर असलेल्या माणसांत त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा सापडल्या, म्हणजे पेशींच्या अशा भावकी तयार झालेल्या होत्या. औषधाला इथे करण्यासारखं काही नाही. पेशी तिच्या स्वभावाने दुभंगते आहे, विषाणूला नव्या पेशीत शिरावंच लागत नाही.

आता अशा एखाद्या मोठ्या भावकीतल्या थोड्या पेशी एका वेळी जाग्या होऊन कण सोडत असतील, त्या मेल्या की दुसऱ्या जाग्या होत असतील, आणि भावकी दुभंगून भर घालत असेल, तर रक्तात एक स्थिर आकडा दिसत राहील. १४०, १८०, २१०.

हे अनुमान आहे की पुरावा? पुरावा आहे, आणि मला तो सुंदर वाटतो. एचआयव्हीचं प्रत काढण्याचं विकर निष्काळजी नकलनवीस आहे, प्रत्येक फेरीत चुका करतं. त्यामुळे विषाणू खरोखर एका पेशीतून दुसरीत जात वाढत असेल, तर महिन्यामहिन्याला त्याचा मजकूर बदलत जायला हवा. औषध-रोध, म्हणजे औषधाला न जुमानणं, असलाच तर तोही त्या बदलांत दिसेल. उलट आपली पेशी डीएनएची प्रत काढते ती जवळजवळ झेरॉक्ससारखी. २०२० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या जॉन मेलर्स यांच्या गटाने नियमित औषध घेऊनही आकडा न दबणाऱ्या लोकांच्या रक्तातले विषाणू वाचले. मजकूर सारखाच, पुन्हा पुन्हा. आणि तोच मजकूर त्यांच्या सीडी४ पेशींच्या मोठ्या भावकीत सापडला. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या फ्रान्सेस्को सिमोनेटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही जणांत हे कण मोडक्या नोंदींतून येतात. विषाणूच्या मजकुराच्या सुरुवातीचा एक तुकडाच बिघडलेला, त्यामुळे कण तयार होतात, चाचणीत मोजले जातात, पण नवी लागण करण्याच्या कामाचे नसतात. त्याआधी, २००९ च्या सुमारास, आणखी एक सरळ प्रयोग झाला होता. नियमित औषधावरच्या लोकांना वर एक जास्तीचं औषध देऊन पाहिलं. रक्तातला उरलासुरला विषाणू होता तेवढाच राहिला. औषध कमी पडत असतं तर तो घटायला हवा होता.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. मेलर्स यांच्या गटाला काही भावकी अशाही सापडल्या ज्यांतून निघणारा विषाणू धडधाकट होता. म्हणजे आकडा दिसला की 'ते मोडकेच कण आहेत' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. मग काकूंना धोका होता का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र पाहून सांगितलं: विषाणू चाचणीत न सापडल्यास लैंगिक जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य, आणि १००० कॉपीजपर्यंत आकडा असेल तर तो जवळजवळ शून्य. २०११ साली जाहीर झालेल्या ज्या मोठ्या अभ्यासाने उपचार हाच प्रतिबंध असल्याचं प्रथम ठामपणे सिद्ध केलं, त्यात नऊ देशांतली १७६३ जोडपी होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटली. त्या जोडप्यांतली काही पुण्याची आणि चेन्नईची होती. पुढे युरोपातल्या अभ्यासात विषाणू दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला एकही लागण झाल्याचं आढळलं नाही. काकांचा आकडा २१०. त्या बाकावर काकूंना हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मी सांगितलं नाही, कारण माझ्या डोक्यात प्रश्नचिन्ह होतं.

आता आपल्या व्यवस्थेबद्दल. २००४ च्या १ एप्रिलला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह आठ सरकारी संस्थांत मोफत एआरटी सुरू झालं. तेव्हा सकाळ-संध्याकाळ गोळी होती, स्टॅव्हुडीनने गाल बसायचे, पायांना मुंग्या यायच्या. लोक कंटाळून औषध सोडायचे. त्या काळात 'गोळी चुकवली का' हा प्रश्न योग्य होता आणि त्याने जीव वाचले. सर्वांसाठी नियमित व्हायरल लोड चाचणी २०१८ मध्ये आली. तोवर आम्ही सीडी४ वरच अंदाज बांधत होतो. मग दिवसाला एकच गोळी, डोल्यूटेग्राविर असलेली, जास्त ताकदीची आणि सोसायला सोपी. औषध बदललं, चाचणी बदलली, प्रश्न मात्र २००४ चाच राहिला.

नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) नियमाप्रमाणे १००० च्या खालचा आकडा म्हणजे विषाणू दबलेला. १००० च्या वर गेला तर नियमितपणाबद्दल समुपदेशन करायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. म्हणजे काकांचा १८० कागदोपत्री उत्तम. पण सेंटरच्या भिंतीवर पोस्टर वेगळंच सांगतं: न सापडणारा म्हणजे न पसरणारा. ही घोषणा खरी आहे आणि तिने लोकांना लग्न, मूल, साधी मिठी परत दिली, मी तिच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पण तिच्या सावलीत एक नवीन उतरंड तयार झाली. 'टीएनडी' (टार्गेट नॉट डिटेक्टेड) आलेले वर, आकडा आलेले खाली. वेटिंगमध्ये लोक एकमेकांना विचारतात, "निल आला का?" ज्याचा नाही आला तो मान खाली घालून बसतो. ५० ते १००० मधला माणूस नियमात पास आहे आणि बाकावर नापास.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला पाठ आहे. मॅडम, तुम्ही रुग्णाला पळवाट देताय. आकडा वाढणाऱ्या दहा जणांत भावकीवाला एखादा, बाकीच्यांनी गोळी चुकवलेलीच असते. नेमका आकडा कुणी सांगू नये, पण आक्षेपाचा गाभा मला मान्य आहे. मीही ते पाहिलंय. ऊसतोडीला गेलेली बाई. बीडहून कारखान्यावर, कोपीत दोन मुलं आणि सासू. पहाटे चारला फडात. गोळ्यांची डबी पत्र्याच्या पेटीत तळाशी, कारण सासूला माहीत नाही. गोळ्या संपल्या तेव्हा सेंटर दीडशे किलोमीटरवर आणि मुकादम उचल फिटल्याशिवाय सोडत नाही. तिचा आकडा हजारांत गेला. तिच्या बाबतीत भावकीचं विज्ञान सांगत बसणं हा गुन्हा ठरला असता, तिला कारखान्याजवळच्या सेंटरवरून तीन महिन्यांच्या गोळ्या मिळवून देणं हे काम होतं.

पण तिलाही मी पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि तिनेही तेच उत्तर दिलं जे सगळे देतात: "नाही मॅडम, रोज घेते." खरं उत्तर तिसऱ्या भेटीत आलं, मी कारखान्याचं नाव विचारलं तेव्हा. आरोपासारखा प्रश्न विचारला की गोळी चुकवणारा खोटं बोलतो आणि न चुकवणारा दुखावतो. दोघांपैकी कुणाबद्दलही काही कळत नाही. त्यामुळे पळवाटीचा मुद्दा मला पटत नाही. संशयाची पद्धत माहिती काढण्याच्या कामातच नापास आहे.

आणि चुकण्याचा अर्थ दर वेळी माणसाचं चुकणं असाही नसतो. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांच्या तुटवड्यावरून एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर आठवड्यामागून आठवडे धरणं धरून बसले होते. ज्यांना तेव्हा महिन्याऐवजी चार-पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्या पुस्तकात नियमितपणाचा टक्का कुणाच्या नावावर लिहायचा?

मग पहिला प्रश्न कोणता हवा? माझ्या मते: "दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" हा शिष्टाचार म्हणून सांगत नाही, याला औषधशास्त्राचा आधार आहे. डोल्यूटेग्राविर कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटतं आणि मग आतड्यातून रक्तात नीट जात नाही. ॲसिडिटीची चघळायची गोळी किंवा पातळ औषध घ्यायचं असेल तर एचआयव्हीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सोबत चालते, पण ती जेवणासोबत, उपाशीपोटी नाही. आता आपल्याकडे कोण काय घेतं पाहा. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम आरोग्य केंद्रातूनच मिळतं. चाळिशीनंतर गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाला कॅल्शियमची पट्टी देतो. रात्री जड जेवण झालं की अर्ध्या घरांत ॲसिडिटीचं गुलाबी औषध निघतं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्यूटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. ही सगळी माणसं शपथेवर सांगतील की गोळी चुकवली नाही, आणि खरंच सांगत असतील. या एका प्रश्नाने जेवढे आकडे खाली येतील तेवढे माझ्या चौकशीने कधी आले नाहीत.

त्यानंतर चाचणीकडेही बघावं. रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करायला उशीर झाला, नमुना चुकीच्या पद्धतीने ठेवला, तरी छोटे आकडे फुगून येतात. एकदाच ५० ते २०० च्या मध्ये आलेला आणि पुढच्या वेळी गेलेला आकडा तर जगभर नेहमीचा आहे. त्याच्यासाठी कुणाची झोप उडवू नये.

हे सगळं तपासून झालं, आकडा शेकड्यांत स्थिर आहे, औषध-रोध तपासता येण्याइतका तो मोठा असेल तर तेही पाहिलं आणि काही सापडलं नाही, तर पुढे काय? पुढे काही करायचं नाही. तेच औषध, तीच वेळ, ठरल्या वेळी चाचणी. आपल्याकडे 'काही करू नका' हा सल्ला डॉक्टरांना देता येत नाही आणि रुग्णाला पचत नाही. त्यामुळे गोळी बदलली जाते, वर एखादी चढवली जाते. जुन्या नोंदीतून निघणाऱ्या कणांवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही हे २००९ पासून माहीत आहे. परिणाम होतो तो यकृतावर, खिशावर आणि पुढे खरंच गरज पडेल तेव्हाच्या पर्यायांवर.

साठ्याबद्दल लोकांना सांगायचं की नाही, यावर आमच्यात वाद व्हायचे. 'विषाणू गुणसूत्रात बसलाय आणि तो कधीच जाणार नाही' असं पहिल्याच दिवशी सांगितलं तर माणूस खचेल, असं ज्येष्ठांचं म्हणणं. मला उलटं दिसलं. न सांगितल्याने दोन प्रकारे नुकसान झालं. काकांसारखे लोक छोट्या आकड्याने खचले. आणि ज्यांचा रिपोर्ट 'न सापडला' असा आला, त्यांतल्या काहींनी त्याचा अर्थ 'गेला' असा घेतला. आमच्या भागात एसटी स्टँडच्या भिंतीवर 'मुळासकट बरा' अशा जाहिराती वर्षानुवर्षं रंगवलेल्या होत्या. एकजण तिथल्या पुड्या घेऊ लागला, महिन्याने बाहेरून चाचणी करून घेतली, विषाणू सापडला नाही, म्हणून आमच्या गोळ्या बंद केल्या. विषाणू आमच्याच गोळ्यांनी दबला होता, श्रेय पुडीला गेलं. औषध थांबलं की साठ्यातला विषाणू सहसा काही आठवड्यांत परत उसळतो. तो माणूस परत आला तेव्हा सीडी४ दोनशेच्या खाली होते. बरं झालेल्यांच्या बातम्या येतात त्याही लोक वाचतात. बर्लिनमध्ये २००७ मध्ये टिमथी रे ब्राउन यांच्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आणि त्यांचा विषाणू खरंच गेला. पण ते रक्ताच्या कर्करोगासाठी, जिवावर उदार होऊन केलेले उपचार होते. मिसिसिपीतल्या बाळाबद्दल २०१३ मध्ये जग हरखलं, २७ महिने औषधाशिवाय गेल्यावर २०१४ मध्ये विषाणू परत आला. साठा म्हणजे काय ते एकदा कळलं की या दोन्ही बातम्या माणसाला आपोआप वाचता येतात. सातबाऱ्याची उपमा मी नंतर शेकडो जणांना दिली. न शिकलेल्या माणसालाही ती दोन मिनिटांत कळते, उलट सातबाऱ्यावर चढलेलं नाव उतरवायला काय लागतं हे त्यालाच जास्त ठाऊक असतं.

एक तक्रार संशोधकांकडेही आहे. भावकीचं आणि साठ्याचं बहुतेक काम अमेरिका-युरोपातल्या, प्रामुख्याने पुरुषांच्या रक्तावर झालं आणि तिथे विषाणूचा 'बी' उपप्रकार असतो. भारतात जवळजवळ सगळी लागण 'सी' उपप्रकाराची आहे, आणि औषधावर असलेल्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, त्यांत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठ्यांपैकी. जोडप्यांच्या अभ्यासासाठी पुण्याचं रक्त जगाच्या कामी आलं. आता आपल्या माणसांत नियमित औषधावर न दबणारा आकडा कितीजणांचा आहे, आणि तो कुठून येतो, हे पुण्याजवळच्या भोसरीतल्या, पूर्वी 'नारी' नाव असलेल्या एड्स संशोधन संस्थेसारख्या संस्थेने आणि एआरटी सेंटरांनी मिळून शोधायला हवं. नमुने आहेत, वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. जिल्ह्याच्या सेंटरवर अशी चाचणी उद्या येणार नाही हे मला कळतं. पण काकांच्या रक्तात नेमकं काय चाललंय हे सांगणारी चाचणी सेंटरवर नसेल, तर ते चुकवतात असं म्हणण्याचा पुरावाही सेंटरवर नव्हता.

२०१७ चा एचआयव्ही कायदा, जो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला, तो नोकरी, शिक्षण, उपचार यांतल्या भेदभावाला मनाई करतो. दवाखान्यातल्या संशयाला मनाई करणारं कलम त्यात नाही, आणि असूही शकत नाही. ते काम पुस्तक भरणाऱ्या हाताचं आहे.

नोकरी सोडायच्या आठवड्यात काका गोळ्या न्यायला आले होते. शेवटचा आकडा १७०. वही नवीन होती, दुसरी की तिसरी. मी त्यांना सातबाऱ्याची गोष्ट सांगितली, भावकीची सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, एक-दोन प्रश्न विचारले, आणि मग हिरवं पुस्तक उघडून जुनं पान काढलं. पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं.

"मॅडम, हे तेवढं खोडून द्या."

त्यांना ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी प्रश्नचिन्हावर आडवी रेघ मारली. त्यांनी पुस्तक परत घेतलं नाही. वेबिलात खाडाखोड झाली की शेजारी सही लागते, म्हणाले. मी सही केली आणि तारीख घातली.